कोरडे वंगण : शिरूरच्या गाडीवाटेपासून अंतराळापर्यंत

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगास दोन गावे आहेत. एक घोड नदीच्या काठचे शिरूर व दुसरे भीमेच्या काठचे दौंड. दोहोंत अंतर फारसे नाही. परंतु गेल्या दीडशे वर्षांत त्यांचे नशीब दोन निरनिराळ्या चाकांवर फिरले. शिरूर हे पुणे-नगर सडकेवरचे गाव. इंग्रजी अमदानीच्या आरंभी तेथे घोडदळाची छावणी होती. छावणीमागोमाग व्यापारी आले आणि पेठ वाढली. आगगाडी मात्र शिरूर गावाला कधीच आली नाही. दौंडचे अगदी याच्या उलट. १८५८ साली पुण्याहून सोलापूरच्या रोखाने लोहमार्ग सुरू झाला, १८७८ साली दौंडहून मनमाडकडे दुसरा मार्ग गेला, आणि भीमाकाठचे हे साधे गाव मोठे जंक्शन होऊन बसले. शिरूरचा भार बैलगाडीवर आणि दौंडचा वाफेच्या इंजिनावर, असा हा प्रकार पुष्कळ वर्षे चालला. या दोन्ही चाकांचे ज्या एका वस्तूवाचून पदोपदी अडत असे, तिची नोंद मात्र इतिहासकारांनी फारशी घेतलेली नाही. ती वस्तू म्हणजे वंगण.

दक्षिणेतील जुना गाडा मोठा बोजड असे. त्याची चाके भरीव, आणि तो ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत. १८३६च्या सुमारास इंदापूर भागात सरकारी मोजणी चालू असता मोजणीखात्यातील लेफ्टनंट गेझफर्ड यांनी टेंभुर्णी येथे नव्या घडणीच्या गाड्या तयार करविल्या. दोन बैलांना ओढता येईल इतकी हलकी, तरी बळकट आणि सामान्य कुणब्याला परवडेल अशी ही गाडी होती. पुढे जी बैलगाडी आपल्याकडे घरोघर दिसू लागली, तिच्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा टप्पा होय. आरे असलेले चाक, त्यावर लोखंडी धाव, मध्ये लाकडी तुंबा आणि तुंब्यातून गेलेला आख, अशी तिची रचना. सारे ओझे शेवटी आख व तुंबा यांच्या चार बोटे रुंदीच्या संगमावर येऊन पडते, आणि गाडीचे आयुष्य तेथेच ठरते.

या संगमाची निगा गाडीवानाकडे असे. जुन्या चिंध्या अगर पेंढा जाळून केलेली काजळी एरंडेलात किंवा करंजेलात कालवून तो काळा चिकट लेप तयार करी. बांबूच्या पेरात भरलेला हा लेप गाडीला लटकत राही. चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरे, खीळ काढी, चाक थोडे बाहेर ओढी आणि आखाला बोटाने लेप फाशी. चाकाची कुरकुर ही तक्रार आणि गाडीवानाचे बोट हा तिचा उपाय! ही व्यवस्था दिसावयास अडाणी खरी, पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात दोन मोठे गुण होते. बिघाड ऐकू येत असे आणि दुरुस्त करणारा हात जवळच असे. पुढील सर्व हकिकतीत या दोन गुणांचा विसर पडू देता कामा नये.

दौंडच्या आगगाडीला बोटाने वंगण फासून भागण्याजोगे नव्हते. तेथे आखाच्या दोन्ही टोकांस लोखंडी पेट्या असत आणि त्यांत तेलाने भिजविलेला सुताचा चोथा ठासलेला असे. आख फिरताना चोथ्यातील तेल त्याला लागत राही. गाडी स्थानकात थांबली की तपासनीस डब्यांच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक पेटीवर हात ठेवून ती तापली आहे काय ते पाही. तापलेली पेटी म्हणजे तेल आटल्याची खूण. ती वेळीच ओळखली नाही तर आखाचे टोक तापून मोडे आणि डबा रुळावरून घसरे. येथे कानाची जागा हाताने घेतली इतकेच. मनुष्य अद्याप चाकापाशीच होता.

परंतु याच लोहमार्गावर दुसरे एक वंगण वापरात होते आणि आपल्या विषयाचा खरा उगम तेथे आहे. दोन रूळ जेथे मिळतात तेथे दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या असतात. त्यांना फिशप्लेट म्हणतात. उन्हाने रूळ वाढतो, थंडीने आखडतो, आणि त्या वेळी रुळाचे टोक या पट्ट्यांच्या मधून सरकले पाहिजे. ते गंजून धरले गेले तर उन्हाळ्यात रूळ वाकडे होण्याची धास्ती. आता या सांध्यात तेल घालावे तर ते उन्हापावसाने थोड्याच दिवसांत नाहीसे होणार, शिवाय त्यावर धूळ बसून घट्ट मळ होणार. म्हणून हिंदी रेल्वेच्या नियमांत असा पाठ घालून दिला आहे की, तीन भाग ग्रॅफाइटची पूड व दोन भाग रॉकेल यांचा घट्ट लगदा करून तो पट्ट्यांच्या आतील अंगास लावावा. हे काम वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत करावयाचे. यातील रॉकेल हे निव्वळ वाहन होय. ते उडून जाते. मागे उरतो तो ग्रॅफाइटचा काळा, कोरडा पापुद्रा, आणि तोच वर्षभर काम करतो. हल्ली रूळ पुष्कळ ठिकाणी लांबच्या लांब सांधून टाकतात, त्यामुळे असे सांधे कमी झाले आहेत. तथापि लोहमार्गावर फावडे-घण घेऊन फिरणाऱ्या गँगमनला, वंगण ओलेच असले पाहिजे असे नाही, ही गोष्ट अंतराळयानांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

ग्रॅफाइट हा कोळशाच्याच कुळातला पदार्थ. त्याचे कण एकावर एक रचलेल्या पातळ थरांचे असतात. थराच्या आतील बंध अत्यंत बळकट, पण थराथरांतील ओढ अगदी दुबळी. गंजिफांच्या जोडावर तळहात ठेवून तो सरकवला असता वरची पाने जशी सहज घसरतात, तसे हे थर एकमेकांवरून घसरतात. कागदावर पेन्सिलीने रेघ उमटते तीही याच कारणाने. मौज अशी की आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे औषधालाही नसते! हा घोटाळा केवळ मराठीचा नव्हे. काळा, चकचकीत, हाताला डाग पाडणारा दगड दिसला की युरोपातही त्याला शिशाच्या नात्यातला समजत. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील याने हा गोंधळ निस्तरला. १७७८ साली त्याने दाखविले की ज्याला सर्वजण ग्रॅफाइट समजतात त्यातील काही दगड मुळी निराळेच आहेत आणि त्यांत गंधक व एक नवी धातू आहे. दुसऱ्याच वर्षी त्याने खरे ग्रॅफाइट हे कोळशाचे रूप असल्याचे सिद्ध केले. त्या नव्या धातूला मॉलिब्डेनम हे नाव मिळाले. हा शब्द शिसे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे; म्हणजे घोटाळा निस्तरला, पण नावात राहूनच गेला. दिसावयास जुळी, पण स्वभावाने अगदी विरुद्ध अशी ही दोन काळी खनिजे, आणि त्यांच्या स्वभावातील भेद कळावयास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली.

तो भेद विमानांनी उघडकीस आणला. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढून वालचंदनगर वसविणारे वालचंद हिराचंद यांनीच १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना सुरू केला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाची ती वर्षे. लढाऊ व अवजड विमाने वीस हजार फुटांहून उंच जाऊ लागली होती, आणि त्या उंचीवर एक चमत्कारिक तक्रार निघाली. विमानातील वीज निर्माण करणाऱ्या यंत्रात कोळसा-ग्रॅफाइटचे ब्रश असतात. ते फिरत्या तांब्याच्या वर्तुळावर घासत राहतात. जमिनीवर हे ब्रश महिनोन् महिने टिकत. उंचावर मात्र काही तासांतच त्यांची भुकटी होऊन जाई. ग्रॅफाइट तेच, तांबे तेच. मग बदलले काय? बदलली होती हवा. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे संशोधक रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, ग्रॅफाइटचा निसरडेपणा हा सर्वस्वी त्याचा स्वतःचा नसून हवेतील पाण्याच्या वाफेकडून उसना घेतलेला आहे. वाफेचे रेणू थरांच्या कडांना चिकटून त्यांची चिकाटी मोडतात. उंचावरील हवा इतकी कोरडी की हा उसनवार तेथे मिळत नाही, आणि वंगण म्हणून मिरविणारे ग्रॅफाइट कानशीसारखे वागू लागते. ब्रशात काही क्षारांची भर घालून तात्पुरता मार्ग निघाला. पण जेथे हवाच नाही तेथे ग्रॅफाइटचा उपयोग नाही, हे मात्र कायमचे ठरून गेले.

मग शीलने वेगळा काढलेला तो दुसरा दगड पुढे आला. मॉलिब्डेनम व गंधक यांचा हा संयुग; शास्त्रीय नाव मॉलिब्डेनम डायसल्फाइड. याच्या प्रत्येक थरात मध्ये मॉलिब्डेनम आणि दोन्ही अंगांस गंधक असते. समोरासमोर आलेल्या गंधकाच्या दोन पृष्ठांची एकमेकांशी ओढ अगदी क्षीण असल्यामुळे थर स्वतःच घसरतात. त्यांना वाफेची उसनवार लागत नाही. उलट दमट हवा हीच त्याची वैरीण. दमट जागी तो लवकर झिजतो, निर्वात जागी उत्तम चालतो. ग्रॅफाइटच्या हे नेमके उलट! १९५० नंतरच्या काळात अंतराळात याने पाठविण्याचे विचार सुरू झाले आणि या दगडाला जणू त्याचे खरे घर सापडले.

अंतराळात तेल का चालत नाही, हे येथे थोडे फोडून सांगणे अवश्य आहे. निर्वातात साधे तेल हळूहळू उडून जाते आणि उडालेली वाफ दुर्बिणीच्या काचांवर बसते. सावलीत थंडी इतकी की तेल गोठते. उन्हात ते पातळ होऊन नको तेथे पसरते. काही खास तेले व ग्रीस तेथेही वापरतात, परंतु फार थंड अगर फार काळ बंद राहणाऱ्या सांध्यांत त्यांचा भरवसा धरता येत नाही. यापेक्षाही मोठे संकट धातूचे आहे. पृथ्वीवर बहुतेक धातूंवर हवेमुळे गंजाचे सूक्ष्म पांघरूण असते; ते घासून गेले तरी क्षणात पुन्हा तयार होते. निर्वातात ते एकदा गेले की गेले. मग दोन उघड्या धातू दाबाखाली भेटल्या तर त्या आचेवाचून एकमेकींना जखडल्या जातात. यासाठी सांध्याच्या पृष्ठावर या काळ्या दगडाचा पापुद्रा बसवितात. नेमक्या कामासाठी त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढीच ठेवतात. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

परंतु कोरड्या वंगणात एक मूलभूत उणीव आहे. तेल ओघळून रिकाम्या जागी परत येते. जखम आपली आपण भरते. कोरडा पापुद्रा निघून गेला तर परत येत नाही. त्याचे आयुष्य मोजके, आणि ते पृथ्वीवरील प्रत्येक चाचणीत व प्रत्येक हादऱ्यात थोडे थोडे खर्च होत असते. शिरूरच्या गाडीवानाचे बोट तेथे पोहोचत नाही आणि निर्वातात कुरकुरही ऐकू येत नाही.

याची किंमत काय पडते हे गॅलिलिओ या अमेरिकन यानाने जगाला दाखविले. गुरू ग्रहाकडे जावयाच्या या यानावर ४.८ मीटर व्यासाची मोठी अँटेना होती. छत्रीसारख्या मिटणाऱ्या अठरा काड्या आणि त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या मॉलिब्डेनमच्या तारेची जाळी, अशी तिची घडण. मिटलेल्या स्थितीत काड्या मधल्या खांबाशी टायटॅनियमच्या खुंट्यांनी धरलेल्या होत्या, आणि या खुंट्यांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे कोरडे वंगण होते. यान १९८६ साली सुटावयाचे. पण त्या वर्षी २८ जानेवारीस चॅलेंजर यानाचा भयंकर अपघात झाला आणि सारे बेत बदलले. गॅलिलिओ फ्लॉरिडाहून कॅलिफोर्नियास परत आणले गेले आणि पुढे पुन्हा फ्लॉरिडास नेण्यात आले. हा प्रवास ट्रकने, अमेरिका खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा. १८ ऑक्टोबर १९८९ रोजी यान सुटले. वाटेत ते सूर्याच्या बाजूने शुक्राजवळून जाणार असल्याने उन्हाच्या तापापासून जपण्यासाठी अँटेना मिटलेलीच ठेवली होती. ११ एप्रिल १९९१ रोजी ती उघडण्याची आज्ञा गेली. मोटारी फिरल्या आणि अडून बसल्या.

लाखो मैलांवरच्या छत्रीत काय झाले आहे हे पाहणार कोण? मोटारींनी ओढलेली वीज व यानाच्या गिरकीत पडलेला फरक एवढ्यावरून शास्त्रज्ञांनी अनुमान केले की, दोनतीन काड्या खुंट्यांपाशी जखडल्या आहेत आणि छत्री वाकडी, अर्धवट उघडली आहे. मग उपाय सुरू झाले. यान उन्हाकडे वळवून तापविले, सावलीत नेऊन गारठविले. मोटारींना थांबून थांबून हिसके दिले; असे हिसके तेरा हजारांहून अधिक झाले. काडी सुटली नाही. चौकशीत जे कारण सर्वांत संभवनीय ठरले ते मोठे साधे आहे. सडकेवरच्या लांबच लांब प्रवासात बसलेल्या हादऱ्यांनी खुंट्यांवरील कोरडा पापुद्रा घासून गेला होता. जमिनीवर हवेच्या कृपेने ते लक्षात आले नाही. निर्वातात टायटॅनियमच्या खुंट्या आपल्या खाचांत घट्ट बसल्या. आगगाडीच्या डब्याची पेटी जशी हाताने चाचपून पाहत, तसे या खुंट्यांना सुटण्यापूर्वी पुन्हा कोणी चाचपले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मोठी अँटेना सेकंदाला १,३४,००० बिट एवढा मजकूर पाठविण्यासाठी होती. उरलेल्या लहान अँटेनेने आरंभी सेकंदाला दहा-सोळा बिट एवढेच जमे. पृथ्वीवरील संदेशग्राहक तबकड्या एकत्र जोडून आणि यानातील गणकयंत्राला दुरून नवी आज्ञावली शिकवून ही गती १६० पर्यंत नेली. तरीदेखील मोठ्या अँटेनेने एका मिनिटात आला असता तेवढा मजकूर यावयास जवळजवळ चौदा तास लागावेत, असा तो हिशेब. यान ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूपाशी पोहोचले आणि मजकूर दाबून, निवडून, थेंबाथेंबाने त्याने ठरल्यापैकी सुमारे सत्तर टक्के काम पुरे केले. ही शास्त्रज्ञांच्या चिकाटीची कमाई आहे. तिला वंगणाचे श्रेय देता येणार नाही. २१ सप्टेंबर २००३ रोजी यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटण्यात आले. शेवटपर्यंत छत्री अर्धवटच होती.

हिंदुस्थानच्या वाट्यालाही असे प्रसंग आले. १९ जून १९८१ रोजी एरियान अग्निबाणावरून गेलेला ‘ॲपल’ हा आपला पहिला दळणवळण उपग्रह. त्याच्या अँटेनेच्या चाचणीसाठी धातूचे अंग नसलेले वाहन हवे होते, म्हणून तो चक्क बैलगाडीवर ठेवण्यात आला. ते छायाचित्र जगभर गाजले आणि काहींनी त्याची चेष्टाही केली. चेष्टेचे वास्तविक कारण नव्हते. त्या कामासाठी लाकडी गाडी हेच योग्य उपकरण होते. अंतराळात पोहोचल्यावर मात्र त्याच्या सूर्यपटलांपैकी एक उघडलेच नाही. उरलेल्या एका पटलाच्या विजेवर त्याने सुमारे सव्वादोन वर्षे काम दिले.

फिरत्या भागांची आणखी कठीण परीक्षा अतिशीत इंजिनात असते. द्रवरूप हायड्रोजनची थंडी शून्याखाली २५३ अंश आणि प्राणवायूची १८३ अंश. या द्रवांना इंजिनात लोटणाऱ्या पंपाच्या बेअरिंगात तेल घालणे म्हणजे हायड्रोजनपाशी दगड आणि प्राणवायूपाशी स्फोट! म्हणून अशा पंपांत गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजराच टेफ्लॉनयुक्त पदार्थाचा करतात. गोळ्या फिरताना पिंजऱ्यावर घासतात, टेफ्लॉनचा बारीक पापुद्रा उचलतात आणि तेच त्यांचे वंगण होते. हा टेफ्लॉन ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडला. वायूने भरलेल्या नळकांड्यातून वायू येईना, वजन तर तेवढेच. कापून पाहतात तो आत पांढरी निसरडी भुकटी! आज तो स्वयंपाकघरातील तव्यावर बसला आहे.

१५ एप्रिल २०१० रोजी स्वदेशी अतिशीत इंजिन घेऊन जीएसएलव्ही यान श्रीहरिकोट्याहून निघाले. हायड्रोजन लोटणारा साहाय्यक पंप मिनिटाला चौतीस हजारांहून अधिक फेऱ्यांपर्यंत चढला, मग त्याची गती घसरू लागली आणि अर्ध्या-पाऊण सेकंदात तो थांबला. यान बंगालच्या उपसागरात पडले. तपासणीअंती दोन शक्यता पुढे आल्या. एक, सीलच्या जागी फिरता दांडा धरला जाऊन जाम झाला असावा. दुसरी, पंपाचे कवच फुटले असावे. वंगणाला कोणी दोष दिला नाही. पण इतक्या थंडीत धातू आखडतात आणि दोन भागांमधील फट बदलते. ती फट भरून सांभाळून घेणारे तेल तेथे नसल्याने दांड्याचे सारे भवितव्य त्या फटीवर लटकलेले असते. बेअरिंगे व कवच यांचे थंडीतील आकुंचन-प्रसरण हिशेबात धरून पंपाची रचना बदलण्यात आली. या इंजिनांच्या घडणीत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा हात आहे. इस्रोच्या अग्निबाणांतील घन इंधनाच्या मोटारींची पोलादी कवचे वालचंदनगरच्या कारखान्यात घडली आहेत. दौंडच्या शेजारचा उसाचा मुलूख असा या कथेत पुन्हा येतो.

५ जानेवारी २०१४ रोजी दुरुस्त केलेले इंजिन घेऊन जीएसएलव्ही पुन्हा निघाले. अतिशीत इंजिन सुमारे बारा मिनिटे जळत राहिले, पंपाचा दांडा कोठे अडला नाही, आणि १,९८२ किलो वजनाचा जीसॅट-१४ उपग्रह ठरल्या कक्षेत जाऊन पडला.